बटण नव्हतं, इंटरनेट नव्हतं, तरी शाळेतल्या कॉम्प्युटरची भाषा अपडेट कशी व्हायची?

मोबाईलला अपडेट आलं की आपण बटण दाबतो आणि मोकळे होतो. १९८० च्या दशकात मात्र अपडेट करायचं म्हणजे स्क्रू काढून कॉम्प्युटर उघडायचा आणि आतली चिप बदलायची.

केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला सुमारे २५० शाळांत कॉम्प्युटर पोचले. हे ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो.

भाषा चिपमध्ये कशी?

या मशीनमध्ये हार्ड डिस्क नव्हती. तरी सुरू केलं की बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा लगेच हजर, कारण ती १६ केबीच्या रॉम चिपमध्येच भरलेली असायची. ती लिहिली सोफी विल्सन यांनी. चिप सॉकेटमध्ये बसवलेली असल्यामुळे काढून दुसरी लावता यायची.

नव्या चिपने काय बदललं?

पहिल्या बेसिकमध्ये 'ओपनइन' म्हटलं की फाईल वाचताही यायची आणि तिच्यात लिहिताही यायचं. १९८२ च्या बेसिक २ मध्ये ओपनइन फक्त वाचण्यापुरतं राहिलं. दोन्ही कामांसाठी 'ओपनअप' आलं.

मग जुने प्रोग्राम बंद पडले का?

नाही. बेसिक प्रत्येक आज्ञा एका आकड्याच्या रूपात साठवते. जुन्या ओपनइनचा आकडा नव्या ओपनअपला दिला गेला. त्यामुळे सेव्ह केलेला जुना प्रोग्राम उघडला की ओपनइनच्या जागी ओपनअप दिसायचं आणि काम पूर्वीसारखंच व्हायचं. पुस्तकात बघून नव्याने टाईप करणाऱ्याला मात्र हा फरक लक्षात ठेवावा लागायचा.

आपल्याकडची आवृत्ती कुठली?

'ब्रेक' दाबा आणि 'रिपोर्ट' टाईप करा. १९८१ दिसलं तर पहिली, १९८२ दिसलं तर दुसरी.

आज हे का माहीत हवं?

शाळेचे जुने कॉम्प्युटर शेवटी भंगारात निघतात. भिवंडीतल्या एखाद्या गोदामात असा बोर्ड दिसलाच, तर चिपवरचा स्टिकर काढू नका. काही चिपांना त्याखाली काचेची खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण आत गेले की आतला मजकूर पुसला जातो. ऊन लागत राहिलं तरी हळूहळू तेच होतं. चिप बदलण्याआधी प्रोग्रामर यंत्राने तिची कॉपी काढून ठेवा. मशीन बंद करा, प्लग काढा आणि चिपच्या खाचेची दिशा बघूनच नवी बसवा. चिप उलटी बसली तर ती जळू शकते.

बोर्ड वजनावर विकला जाईल, पण शाळेसाठी कुणी बनवून घेतलेली चिप त्यात असेल, तर तिच्यातला मजकूर दुसरीकडे मिळेलच असं नाही.