दुपारनंतर पाय का रुततात?

न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत, हाय पीक्स भागात, आठ इंचांहून जास्त बर्फ असेल तर स्नोशू किंवा स्की सक्तीचे आहेत. नियम जाचक वाटतो, पण मार्चमध्ये त्याचं मोल कळतं. रात्री गोठलेला थर सकाळी माणसाचं वजन सहज पेलतो. उन्हानं कणांमधले सांधे सैल झाले की तोच बर्फ मांडीपर्यंत गिळतो. स्नोशू वजन मोठ्या क्षेत्रावर पसरवतात, त्यामुळे दाब घटतो. नुसत्या बुटांनी पडलेले खड्डे रात्री दगडासारखे गोठतात आणि घोटा मुरगळतो तो मागून येणाऱ्याचा! याच भागातल्या १,६२९ मीटर उंच मार्सी शिखराच्या उघड्या माथ्यावर मात्र वारा भुसभुशीत बर्फ उडवून नेतो, खडकावर कडक कवच उरतं. तिथं बहुधा स्नोशू काढून क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखालचे टोकदार काटे, चढवावे लागतात.