कारखान्यातली पहिली मुलाखत

इंजिनिअरिंगची पदवी हाती आली, की पुढचा दरवाजा मुलाखतीचा. तिथे भल्याभल्यांच्या पोटात गोळा उठतो, आणि त्यात नवल ते काय? वडिलांनी कर्ज काढून शिकवलेले असते, धाकट्या भावंडांचे डोळे तुमच्याकडे लागलेले असतात, आणि टेबलापलीकडे तीन-चार अनोळखी माणसे बसलेली असतात. ही माणसे नेमके काय शोधतात, ते आज जरा समजावून घेऊ या.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातला एखादा यंत्रभाग बनवणारा कारखाना डोळ्यांपुढे आणा. तिथे आधी बहुधा लेखी परीक्षा असते, कुठे कुठे गटचर्चाही. मग तांत्रिक मुलाखत आणि शेवटी मनुष्यबळ विभागाची भेट. खरी पारख होते ती तांत्रिक मुलाखतीत.

प्रश्न अगदी साधा असतो. व्हर्निअर कॅलिपर पुढे ठेवून विचारतात, “याचे लघुतम माप किती?” मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर व्हर्निअरवर ५० भागांत विभागलेले असतील, तर उत्तर ०.०२ मिलिमीटर. हे पुष्कळांना पाठ असते. पण गोष्ट इथे संपत नाही, सुरू होते. समजा, ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०१, असा दिला आहे. मग याच व्हर्निअरने तो तपासाल का? सगळी मिळून सूटच मुळी ०.०२ ची, म्हणजे व्हर्निअरच्या एका रेघेएवढी! तेव्हा व्हर्निअर इथे कुचकामी. ०.०१ वाचणारा मायक्रोमीटरही जेमतेमच. त्याहून बारीक वाचणारे साधन हवे. आणि पाळीला हजार नग निघत असतील तर? प्रत्येक नग मोजत बसलात तर दिवस पुरणार नाही. तिथे ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज लागतो. गो बाजू शाफ्टवर सहज गेली पाहिजे, नो-गो बाजू मुळीच जाता कामा नये. म्हणजे पाहा, पाठांतर एका प्रश्नापुरते पुरले. पुढचे तीन प्रश्न विचाराचे होते.

तसाच दुसरा आवडता प्रश्न : लेथचा बेड बिडाचा का करतात? बीड स्वस्त, हे उत्तर अर्धेच आहे. बिडातल्या ग्राफाइटमुळे यंत्राची थरथर शोषली जाते, दाब ते चांगला सोसते आणि ओतकामाला सोपे असते. ‘का’ सांगता आले, की तुम्ही वर्कशॉपमध्ये डोळे उघडे ठेवून वावरला होता, हे समोरच्याला कळते.

आता उत्तर येतच नसेल तर? सरळ म्हणा, “साहेब, हे मला ठाऊक नाही; पण अंदाज असा करीन.” यात कमीपणा नाही. ज्याला आपले अज्ञान लपवायची सवय, तो उद्या प्रेसवर काम करणाऱ्याच्या हाताशी खेळेल, ही धास्ती मुलाखत घेणाऱ्याला असते.

म्हणूनच कधी असेही विचारतात : “रात्रपाळीत माल नापास होऊ लागला. गाडी दाराशी उभी आहे, सुपरवायझर म्हणतो, जाऊ द्या. तुम्ही काय कराल?” इथे शौर्याचे भाषण नको. काम थांबवीन, शेवटचा चांगला नग सापडेपर्यंतचा माल बाजूला काढीन, टूल झिजले आहे का, मापनाचे साधनच चुकते आहे का, कच्चा माल बदलला का ते पाहीन, आणि वरिष्ठांना उठवून सांगेन. एवढे क्रमाने सांगितलेत तरी पुष्कळ.

मुलींनी तर बिचकण्याचे कारणच नाही. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापलेले पाहून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले. तारेने बोलावणे आले, पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरीही मिळाली. तो उंबरठा कुणीतरी आधीच ओलांडून ठेवला आहे.

मनुष्यबळ विभागाशी बोलताना पाळी, बदली, पगार यांविषयी खरे तेच सांगा आणि तुमच्या शंकाही विचारा. प्रशिक्षणाचा काळ किती, त्यानंतर कायम करतात का, काही करारपत्र लिहून घेतात का, हे विचारणे उद्धटपणाचे नव्हे.

जाण्याआधी एवढे करा. तुमच्या प्रोजेक्टमधला प्रत्येक आकडा कुठून आला ते तपासा, आणि एकदा तरी घरी मोठ्याने, आईला कळेल अशा शब्दांत, तो समजावून सांगा. आईला समजले, तर टेबलापलीकडच्या साहेबांनाही समजेल.