खिडकीतल्या उन्हाची भानगड

संपादकांना पदकं हवी होती. "पनवेलच्या एका शाळेचा रोबोटिक्स संघ आहे, जाऊन या," म्हणाले. मी पोहोचलो तेव्हा सगळा संघ फरशीवर पालथा पडून पांढऱ्या फ्लेक्सवरच्या काळ्या चिकटपट्टीकडे टक लावून पाहत होता.

अधिकृत इतिहास चटकन उरकतो. नीती आयोगाचं अटल इनोव्हेशन मिशन २०१६चं. त्यातून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब निघाल्या. एका लॅबला २० लाखांचं अनुदान. निम्मं उभारणीला, निम्मं पाच वर्षं चालवायला. २०१७ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या 'फर्स्ट ग्लोबल' स्पर्धेत भारताकडून मुंबईची शाळकरी मुलं उतरली होती. त्याआधी, २००८मध्ये, अभियांत्रिकीच्या पोरांची आशियाई 'रोबोकॉन' पुण्यात झाली. तिचा खेळ चक्क दहीहंडीवर बेतलेला!

या शाळेच्या रोबोला हंडी फोडायची नाही. रेघ धरून चालायचं, एवढंच. तेवढ्यातच त्याची दमछाक होते.

पोटाखाली दोन सेन्सर असतात, रेघेच्या दोन बाजूंना. ते डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश खाली सोडतात. पांढरा पृष्ठभाग तो परत धाडतो, काळा गिळून टाकतो. डावा सेन्सर काळ्यावर आला की गाडीनं डावीकडे वळायचं, उजवा आला की उजवीकडे. कागदावर सगळं सोपं.

पण उन्हातही इन्फ्रारेड असतो. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन फ्लेक्सवर उतरलं की सेन्सरला काळंही पांढरं वाटू लागतं आणि गाडी बाकाखाली शिरते. त्यावर इलाज म्हणजे सेन्सरच्या निळ्या ठोकळीतला बारीकसा स्क्रू. मुलं त्याला 'पॉट' म्हणतात. केसभर फिरवला की संवेदनक्षमता बदलते.

तो स्क्रू फिरवण्याचा मान दहावीतल्या एका मुलीचा. ती श्वास रोखते, पेचकस टेकवते, सेन्सरवरचा दिवा लुकलुकला की हात काढते. मग आणखी किंचित मागे.

"किती मागे?" मी विचारलं.

"ते सांगता नाही येत, काका. हाताला कळतं."

सातवीतला एक मुलगा शेजारी वही घेऊन बसला होता. त्यानं लिहिलं: 'ताईने थोडं मागे घेतलं.'

माझी काळजी तिथूनच सुरू झाली. सुटा भाग लागला तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे, पण जाण्यायेण्यात एक रविवार जातो. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरींना पुरत नाही; चाकं फिरताच गाडीचा सर्किट बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. पिवळ्या स्वस्त मोटरींची जोडी एका वेगानं फिरत नाही, म्हणून रेघ सरळ असली तरी गाडी एका अंगाला ओढते. यातलं बरंचसं पैशानं सुटेल. अनुदानाची वर्षं सरल्यावर तो आणायचा कुठून, हा शाळेपुढचा प्रश्न. स्पर्धेच्या हॉलमधले दिवे कसे असतील, हे तर तिथे गेल्यावरच कळणार.

आणि जूनमध्ये ताई शाळेत नसेल.

निघताना पाहिलं, ऊन फ्लेक्सवरून सरकलं होतं. गाडी पुन्हा चुकली, कारण पॉट उन्हाला लावलेला होता. मुलीनं पेचकस सातवीतल्या मुलाच्या हाती दिला आणि स्वतः वही घेतली. त्यानं स्क्रू जरा जास्तच फिरवला. ती काही बोलली नाही. गाडी बाकाखाली गेली.

"आण परत," ती म्हणाली.