कित्ता, शके आणि दोन राजवाडे

लेख संपादनासाठी आला की मी आधी शेवटचं पान उघडते. संदर्भसूची तिथे असते. गोषवारा, प्रस्तावना, युक्तिवाद हे सगळं समीक्षकांच्या नजरेखालून गेलेलं असतं. सूची मात्र बहुधा कोणीच सलग वाचलेली नसते, लेखकानेही नाही. ती साठत गेलेली असते. काही नोंदी जुन्या प्रबंधातून उचललेल्या, काही दुसऱ्या कुणाच्या तळटीपेतून, काही झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने आपोआप ओढून आणलेल्या.

आपोआप आलेल्या नोंदी लगेच ओळखू येतात. झोटेरोत लेखकासाठी दोन खाने असतात, आडनावाचा आणि नावाचा. लेखक म्हणून संस्था असेल तर शेजारचं बारीकसं बटण दाबून दोन्ही खाने एक करायचे असतात. ते राहून जातं. मग भारत इतिहास संशोधक मंडळाचं आडनाव 'मंडळ' ठरतं आणि सूचीत 'मंडळ, भा. इ. सं.' नावाचे कोणी गृहस्थ येऊन बसतात. महाराष्ट्र शासनाचं 'शासन, म.' होतं. हसू येतं, पण 'भ'मध्ये शोधणाऱ्या वाचकाला ती नोंद सापडणार नाही, हेही खरं.

इतिहासाच्या लेखांत याहून घातक म्हणजे 'कित्ता'. वरच्याच ग्रंथाचा पुन्हा हवाला द्यायचा तर टीपेत कित्ता लिहून पृष्ठांक टाकायचा, ही जुनी सोय. छापून झालेल्या पानावर ती निर्धोक असते. पण लेख घडत असताना लेखक परिच्छेद वर-खाली हलवतो, समीक्षकाच्या सांगण्यावरून मध्येच एक नवी टीप घालतो, आणि खालचा कित्ता मुकाट्याने नव्या ग्रंथाचा होतो. काल तो सरदेसायांचा होता, आज शेजवलकरांचा. वर्ड टीपांचे आकडे बदलून देतं. कित्त्याचा मालक बदलला, हे त्याला कळायची सोय नाही. म्हणून माझा पहिला हात कित्त्यांवर पडतो. प्रत्येक ठिकाणी आडनाव आणि ग्रंथाचं लघुनाव. शिकागो मॅन्युअल ही इंग्रजी संपादनाची नियमावलीही 2017च्या आवृत्तीपासून अशाच लघुनोंदीचा आग्रह धरते. टीपा लांबतात, जुने लेखक कुरकुरतात.

आता एकच नोंद जवळून बघू. लेखकाने दिलेली नोंद अशी: 'राजवाडे, मराठ्यांच्या इतिहासाची साधने, पृ. 112.' दिसायला पुरेशी. पण साधनांचे खंड 22 आहेत. पहिला 1898मध्ये निघाला, बाकीचे पुढे अनेक वर्षं निघत राहिले. तर हे 112 कोणत्या खंडाचं? लेखकाला विचारावं तर उत्तर येतं, 'माझ्या टिपणात एवढंच आहे.' मग मी त्याचा मजकूर वाचते: पत्र कोणाचं, कोणाला, मिती कोणती. तेवढ्या धाग्यावर खंड हाती लागतो, पण पान जुळत नाही. ते का, हे आता सवयीने कळतं. लेखकाने आकडा घेतला तो छापील पानावरून नव्हे, पडद्यावरच्या पीडीएफच्या कोपऱ्यातून. तिथला आकडा मोजला जातो मुखपृष्ठापासून. जुन्या पुस्तकांत प्रस्तावनेचे आकडे वेगळे आणि मूळ मजकुराचे वेगळे, त्यामुळे फरक दोन-चार पानांचा राहत नाही. शेवटी मी पृष्ठांकाआधी लेखांक घालते. पुस्तक पुन्हा छापलं की पान सरकतं, पत्राचा क्रमांक सहसा तिथेच राहतो. सरदेसायांनी संपादलेल्या पेशवे दफ्तराच्या 45 भागांनाही मी हाच नियम लावते.

वर्षाची भानगड निराळी. मुखपृष्ठावर 'शके 1836' असतं आणि लेखक डोळे मिटून 78 मिळवून 1914 लिहितो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ते बरोबर. पुस्तक पौषाच्या उत्तरार्धात किंवा माघात निघालं असेल तर 79 मिळवायला हवेत, म्हणजे 1915. महिना दिलेला नसेल तर मी 'शके 1836 (1914–15)' असं ठेवते. सॉफ्टवेअरला हा आडवा दांडा रुचत नाही. त्याला एकच वर्ष हवं असतं, कारण लेखक आणि वर्ष या जोडीवर त्याचा सगळा संसार उभा आहे. ती जोडी कंसात टाकायच्या पद्धतीचा उगम सहसा हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या 1881च्या एका निबंधाशी नेतात. निबंध होता बिनशंखाच्या गोगलगाईवर. आमच्या कामाच्या गतीला ते साजेसंच आहे.

कोणती संदर्भशैली चांगली, या वादात मला रस नाही. स्वल्पविराम कुठे आणि तिरपा ठसा कशाला, हे सॉफ्टवेअर क्षणात बदलून देतं. एका बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. एपीए या शैलीच्या 2019मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ गाळलं, आणि 2024च्या शिकागोनेही ते सक्तीचं ठेवलं नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या प्रकाशकांना त्याने फरक पडत नसेल. पण शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी पुस्तकावर कितीदा प्रकाशक म्हणून लेखकाचं स्वतःचंच नाव असतं. तिथे वाई, मिरज की बडोदे, एवढाच काय तो माग उरतो. मी ते गाव ठेवते. कोणी हरकत घेतली तर बघू.

नोंदी नीट झाल्या की जुळणी. मजकुरातला प्रत्येक हवाला सूचीत आहे का, आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठे तरी आली आहे का. हे मी अजून कागदावर, पेन्सिलीने टिका करत करते. 2015अ आणि 2015ब यांची अदलाबदल इथेच सापडते.

आणि इथेच कधीकधी अशी नोंद लागते, जिच्यामागे काहीच नसतं. हा प्रकार नवा नाही. एल्सेव्हियरच्या लेखकांसाठीच्या सूचनांत नोंदीचा नमुना म्हणून वान डेर गीर आणि सहलेखकांचा 2000 सालचा एक निबंध दाखवलेला असे, शोधनिबंध लिहिण्याच्या कलेवरचा. असा निबंध कधी छापलाच गेला नव्हता. तरी जवळपास 400 लेखांत त्याचा हवाला गेला, बहुधा नमुना पुसायचा राहिल्यामुळे. ही गोष्ट डच संख्याशास्त्रज्ञ पीटर क्रोनेनबर्ग यांच्या ध्यानात आली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सूची करून घेणारे आले आहेत आणि बनावट नोंदी फार देखण्या झाल्या आहेत. खऱ्या अभ्यासकाचं नाव, खरं नियतकालिक, पटेलसं शीर्षक, सगळी विरामचिन्हं जागच्या जागी. मला तर एखादी नोंद फारच निर्दोष दिसली की शंका येते. डीओआय, म्हणजे निबंधाचा ऑनलाइन ओळखक्रमांक, टाकून बघावा तर भलताच निबंध उघडतो, नाहीतर काहीच नाही. अशी एक सापडली की मी उरलेल्या सगळ्या नोंदी एकेक करून उघडते आणि लेखकाकडे मूळ पानांच्या छायाप्रती मागते. प्रती आल्या नाहीत तर नोंद जाते, आणि तिच्या आधाराने केलेलं विधानही जातं.

इंग्रजी नियतकालिकासाठी काम असेल तर मराठी नावं रोमन लिपीत न्यायची असतात. राजवाडे, राजावाडे, दीर्घ स्वरांवर रेघा की बिनरेघा, हे एकदा ठरवलं की झालं. फसवतात ती आद्याक्षरं. साधनांचे विश्वनाथ काशिनाथ आणि निरुक्ताचे अभ्यासक असलेले त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ मराठीत वि. का. आणि वै. का. म्हणून सुटे राहतात. रोमनमध्ये दोघेही व्ही. के. राजवाडे. दोघांची नावं एकाच सूचीत आली की मी पूर्ण नावं लिहिते. बहुतेक शैली अशा वेळी तेवढी मुभा देतात. पण टंकजुळणी करणाऱ्याच्या संगणकाला 'फक्त आद्याक्षरं' एवढंच सांगितलेलं असतं. पहिल्या मुद्रितात दोघे पुन्हा व्ही. के. होऊन येतात. मी नावं पुन्हा लिहिते आणि समासात लाल अक्षरांत टीप टाकते: ही दोन वेगळी माणसं आहेत, कृपया एक करू नयेत.