बेट आणि त्याचे शिवार

श्रोतेहो, मुळ्याच्या वाफ्यापाशी क्षणभर उभे राहा. बी एकाच पुडीतले, पेरणी एकाच दिवशीची, पाणी एकाच पाटाचे. तरी उपटून पाहावे तो एक मुळा मनगटाएवढा, तर शेजारचा करंगळीएवढा! शेतकऱ्याला याचे नवल वाटत नाही. ज्याच्याभोवती मोकळी जागा तो पोसला, दाटीत सापडला तो खुरटला. म्हणून तर आपण विरळणी करतो. हाच प्रश्न शास्त्रज्ञांना अणूंच्या बाबतीत पडला आणि त्याचे उत्तर सापडायला मात्र बराच काळ लागला. ती हकीकत आज सांगायची आहे.

धातूचा एक स्वच्छ, सपाट तुकडा निर्वात पेटीत ठेवतात आणि त्यावर धातूची वाफ अगदी सावकाश सोडतात. वाफेतले अणू पृष्ठभागावर पडतात. पण पडल्या जागी स्वस्थ बसत नाहीत, भटकत राहतात. दोघांची गाठ पडली की जोडी जमते, तिला तिसरा चिकटतो, चौथा चिकटतो, आणि पाहता पाहता अणूंचे एक चिमुकले बेट तयार होते. या बेटांची रुंदी नॅनोमीटरमध्ये मोजतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! १९८१ साली गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी पृष्ठभागावरचे अणूदेखील दाखवू शकणारे सूक्ष्मदर्शक बनवले. त्यामुळे ही बेटे मोजता येऊ लागली, आणि ती सारखी नसतात हे उघड दिसू लागले.

कुणी म्हणेल, "लहानमोठी असली म्हणून बिघडले कुठे?" बिघडते, बरं का! कॅडमियम सेलेनाइड नावाच्या पदार्थाचा अतिसूक्ष्म कण दोन-अडीच नॅनोमीटरचा असला तर त्यातून निळसर प्रकाश निघतो. सहाच्या आसपास गेला की तांबडा. पदार्थ तोच, फरक केवळ आकाराचा. असे कण बहुधा द्रावणात वाढवतात, आणि त्यांच्या शोधाबद्दल व निर्मितीबद्दल २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. आता समजा, कणांची सरासरी नेमकी चार नॅनोमीटर आली, पण निम्मे दोनचे आणि निम्मे सहाचे निघाले. सरासरी बरोबर, आणि माल मात्र वाया! म्हणून नुसती सरासरी पुरत नाही. कोणत्या आकाराचे किती, हा सगळा पसारा ठाऊक हवा. त्यालाच आकार-वितरण म्हणतात.

या पसाऱ्याचे गणित मांडताना आरंभी एक सोपी गोष्ट गृहीत धरली गेली: एकाच आकाराच्या सर्व बेटांना सारखाच खुराक मिळतो. प्रत्येकाच्या भोवतालची परिस्थिती जणू सरासरीइतकीच! या गणिताने बेटांची संख्या पुष्कळशी बरोबर सांगितली. पण आकारांचा आलेख काढला तर तो उंच आणि टोकदार येई. प्रत्यक्षातला आलेख अधिक पसरट असे. चूक आकडेमोडीत नव्हती, गृहीतात होती.

१९९६ साली पॉल मुल्हेरन आणि जॉन ब्लॅकमन यांनी बेटाऐवजी बेटाभोवतीच्या रिकाम्या जागेकडे लक्ष वेधले. भटकणारा अणू बहुतकरून जवळच्या बेटाला जाऊन मिळतो. म्हणजे प्रत्येक बेटाचे स्वतःचे एक शिवार असते; त्या शिवारात पडेल ते पीक त्या बेटाचे. शिवार मोठे, तर वाढ जलद. एकाच आकाराची दोन बेटे असली तरी त्यांची शिवारे निराळी असू शकतात, आणि मग त्यांची वाढही निराळी होते. शिवाय नवे बेट जन्मते ते बहुधा जुन्या बेटांपासून दूर, मोकळ्या जागी. ते जन्मले की शेजाऱ्यांच्या शिवारांतून आपला वाटा काढून घेते. भाऊबंदांच्या वाटण्याच म्हणा ना!

या आलेखाचा आणखी एक गुण आहे. बेटे वाढत गेली तरी प्रत्येक आकाराला त्या वेळच्या सरासरीने भागले, तर निरनिराळ्या वेळचे आलेख जवळजवळ एकावर एक बसतात. १९९४ साली जोसेफ स्ट्रॉसिओ आणि डॅनियल पिअर्स यांनी लोखंडावर लोखंडाचे थर देऊन हे तपासले. कमी तापमानाला दोन अणूंची जोडीही टिकते. तापमान चढले की ती फुटते, आणि टिकाऊ बेटाला अधिक अणू लागतात. हा फरक आलेखाच्या आकारात उमटतो. वाढून झालेली बेटे पाहून ती कशी जन्मली ते सांगता येते, ते असे.

शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग अवश्य करावा. चौकटीच्या कागदावर ज्वारीचे वीस दाणे सहज उधळा आणि त्यांच्या जागी ठिपके द्या. शेजारच्या प्रत्येक दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढा. हे दुभाजक जिथे एकमेकांना भेटतात तिथे थांबवले की प्रत्येक ठिपक्याचे शिवार तयार होते. अशा विभागणीला गणिती जॉर्जी व्होरोनॉय यांचे नाव आहे. त्यांनी १९०८ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. मग मुलांना प्रत्येक शिवारातल्या चौकटी मोजू द्या. सरासरी काढा, आणि त्या सरासरीइतके शिवार नेमके किती दाण्यांना मिळाले ते विचारा. बहुधा फारच थोड्यांना मिळालेले दिसेल.

आता खुरटलेला मुळा हाती आला, तर बियाण्याला दोष देण्यापूर्वी तो कुठे उगवला होता, ती जागा एकदा पाहून या.