पेढीवरचा वनस्पतिशास्त्रज्ञ

इंग्लंडातील यारमथ बंदरचा डॉसन टर्नर (१७७५–१८५८) हा पेढीवाला. दिवसा हिशेब, फावल्या वेळी समुद्रशेवाळाचा अभ्यास! त्याच्या शेवाळांवरील चार खंडांतली (१८०८–१८१९) बरीचशी चित्रे विल्यम हूकर या तरुणाने काढली. पुढे तोच त्याचा जावई झाला. नातू जोसेफ हूकर. त्याने इतरांच्या साह्याने हिंदुस्थानच्या वनस्पतींवर सात खंड (१८७२–१८९७) सिद्ध केले. आपल्या सह्याद्रीची झाडेही त्यांत आहेत.

टर्नरने आलेली पत्रे बांधून जपली. म्हणून त्या काळचे अभ्यासक एकमेकांना काय विचारीत, काय पाठवीत, हे आज कळते. तेव्हा गुरुजी, मुलांनी आणलेले पान वहीत चिकटवा. खाली गाव नि तारीख जरूर लिहा. नाहीतर तो नुसता पाचोळाच की!