स्लॅबचा पहिला पहारा

कॅडेट मित्रांनो,

उन्हाळी सुट्टीहून परतल्यावर तुमच्यापैकी दोघातिघांनी मला विचारले, "सर, घराचा स्लॅब पडला का?" मराठीत या प्रश्नाचे दोन अर्थ होतात, आणि नौतप्यातल्या एका दुपारी मला दुसऱ्या अर्थाचीच भीती वाटत होती. त्या दुपारची गोष्ट तुम्हाला आणि तुमच्या पालकांना उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

माझे सासरे झाशीच्या जुन्या मराठी कुटुंबातले. नारो शंकरांनी १७४२ च्या सुमारास झाशीचा कारभार हाती घेतला, तेव्हापासून तिकडे जी मराठी घरे स्थिरावली त्यांपैकी एक. त्यांची थोडी जमीन मोठला आहे. झाशीहून कानपूरच्या रस्त्याने परीछा, चिरगाव ओलांडले की सुमारे पन्नास किलोमीटरवर हे तहसिलीचे गाव लागते. निवृत्तीनंतर राहायला म्हणून आम्ही तिथे दोन खोल्यांचे घर बांधायला घेतले. फौजेत मी पायदळात होतो, त्यामुळे बांधकामाचे ज्ञान ऐकीव.

स्लॅब २४ फूट बाय १८ फूट, जाडी ५ इंच. सुट्टी संपत आलेली, म्हणून मी घाई केली. मिस्त्री म्हणाले होते, "चार दिवस थांबा, लू चालू आहे." मी ऐकले नाही. सकाळी आठला काम सुरू झाले आणि दुपारी एकच्या सुमारास शेवटची घमेली वर गेली. रंधा फिरवून झाला आणि सगळे जण खाली जेवायला बसलो. स्लॅबच्या दिवशी मजुरांना गोडधोड घालायची रीत तिकडेही आहे. तीन वाजता वर गेलो, तर स्लॅबवर तिरप्या भेगा. एकमेकींना साधारण समांतर, दोन-दोन, तीन-तीन फुटांवर. काही हातभर लांब, काही त्याहून मोठ्या.

मी सगळ्यांसमोर मिस्त्रींना म्हणालो, "सिमेंट कमी घातलेत तुम्ही." ते माझ्याहून वयाने मोठे. काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "साहब, बोरियां गिन लो." मी मोजल्या. अठ्ठेचाळीस रिकाम्या गोण्या, ठरल्याप्रमाणे. एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी या प्रमाणाला घनमीटरमागे सुमारे आठ गोण्या लागतात. आमचे काँक्रीट तुळयांसह सहा घनमीटरच्या आसपास होते. हिशेब चोख होता.

पुण्यात माझा एक जुना मित्र आहे, बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेला. त्याला फोन केला. स्लॅब तोडावा लागेल का, एवढेच मला विचारायचे होते. त्याने उलट मलाच प्रश्न विचारले. भेग कधी दिसली? कोणत्या दिशेने जाते? किती रुंद आहे? कडेपर्यंत पोचते का? शेवटी म्हणाला, "अरे, भेग म्हणजे अहवाल असतो. आधी वाचायचा, मग कारवाई."

भेग वाचायची कशी?

पहिला प्रश्न वेळेचा. काँक्रीट ओतल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत, ते अजून ओले असतानाच वरच्या अंगाला भेगा आल्या, तर त्या बहुधा वाऱ्याने आणि उन्हाने पाणी ओढून घेतल्याच्या असतात. ताज्या काँक्रीटमध्ये खडी आणि वाळू खाली बसू लागतात आणि पाणी हळूहळू वर येते. पृष्ठभागावर जी चकाकी दिसते ती याच पाण्याची. वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारे पाणी जास्त झाले, की वरचा थर आकसू लागतो. खालचा थर आकसत नाही. त्या वेळी काँक्रीटला ताण सोसण्याची ताकद जवळपास नसतेच, म्हणून वरचा थर फाटतो.

किती पाणी उडते याचा अंदाज घ्या. दर चौरस मीटरमागे ताशी एक लिटर पाणी उडू लागले, की धोका सुरू झाला असे अभियंते मानतात. आमचा स्लॅब ४० चौरस मीटरचा. म्हणजे तासाला ४० लिटर. आम्ही खाली जेवत होतो ते दोन तास धरले, तर ८० लिटर. एवढे पाणी बादलीने उपसून नेताना कोणी दिसले असते, तर आम्ही धावलो असतो. वारा घेऊन गेला ते कोणाला दिसले नाही. त्यात आमचे सिमेंट राखमिश्रित, पीपीसी. परीछासारख्या कोळशावरच्या वीजकेंद्रांत जी बारीक राख निघते, तशी राख त्यात असते. सिमेंट चांगले, पण घट्ट व्हायला थोडा जास्त वेळ घेते. तेवढा वेळ वाऱ्यालाही जास्त मिळतो.

भेगा सळयांच्या बरोबर वर, सळयांच्याच ओळीत आल्या असत्या, तर कारण वेगळे निघाले असते. काँक्रीट खाली बसताना सळईवर अडते आणि तिच्या डोक्यावर फाटते. काँक्रीट फार पातळ असेल, व्हायब्रेटर नीट फिरवला नसेल किंवा सळईवरचे आवरण कमी पडले असेल, तर असे होते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येणाऱ्या बारीक भेगा बहुधा काँक्रीट वाळताना आकसल्याच्या. वर्षांनंतर सळईच्या रेषेत तांबूस डाग घेऊन येणारी भेग गंजाची.

खरी धोक्याची भेग वेगळी असते. टेकू काढल्यावर स्लॅबच्या खालच्या बाजूला मध्यावर आलेली, दिवसेंदिवस रुंदावणारी भेग, किंवा सज्जाच्या वरच्या अंगाला भिंतीलगत आलेली भेग. सज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, म्हणून तिथली भेग कधीही हलकी समजू नये. अशी भेग दिसली, तर खाली उभे राहू नका, टेकू परत लावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. अशा वेळी मिस्त्रीच्या किंवा माझ्यासारख्याच्या अंदाजावर विसंबू नये.

मग आम्ही काय केले?

भेगा दिसताक्षणी काँक्रीट अजून मऊ असते, तर लाकडी रंधा दाबून फिरवून त्या मिटवता आल्या असत्या. ती वेळ निघून गेली होती. एका मजुराने कोरडे सिमेंट भुरभुरून वरून घासायला सुरुवात केली, त्याला मित्राने फोनवरूनच थांबवले. त्याने वर पातळ साय धरते, भेग आत तशीच राहते, आणि काही दिवसांनी सायही पोपडे होऊन निघते.

आम्ही गोणपाट ओले करून स्लॅबवर अंथरले. सकाळी मसाल्याचे छोटे बांध घालून चौकोनी आळी केली आणि पाणी भरले. मोठला याला 'तराई' म्हणतात, आपण पाणी मारणे म्हणतो. आय. एस. ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि कोरड्या, कडक उन्हाळ्यात निदान १० दिवस ओलावा हवा. राखमिश्रित सिमेंट असेल, तर १४ दिवस. आम्ही १४ दिवस आळी सुकू दिली नाहीत.

प्रत्येक मोठ्या भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी खूण करून तारीख लिहिली. भेग खुणेच्या पुढे गेली, तर ती जिवंत. नाही गेली, तर थांबलेली. आमची एकही पुढे गेली नाही. टेकू आम्ही घाई न करता २१ दिवसांनी काढले. खालून पाहिले तेव्हा दोन ठिकाणी ओल दिसली, म्हणजे तिथल्या भेगा आरपार गेल्या होत्या. बाकी खालची बाजू स्वच्छ. महिन्याभराने त्या दोन भेगा साफ करून, वाळवून त्यांत पातळ इपॉक्सी भरले. उरलेल्या पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या राबडीने बुजवल्या आणि मगच गच्चीवर कोबा केला. भेग बुजवल्याशिवाय कोबा करू नये. पाणी आत मुरते, सळईपर्यंत जाते आणि मग खरे दुखणे सुरू होते.

पुढच्या वेळी

तुमच्या घरी उन्हाळ्यात स्लॅब टाकायचा असेल, तर पहाटे किंवा सूर्य उतरल्यावर सुरुवात करा. पारा ४० अंशांच्या वर असेल, तर दिवसा काम नको. खडी आदल्या रात्री पाणी शिंपडून गार करा. सेंट्रिंगच्या फळ्या ओल्या करा. वाऱ्याच्या बाजूला कनात किंवा ताडपत्री बांधा. मिश्रण घट्ट वाटले म्हणून डबाभर पाणी ओतू देऊ नका. या प्रमाणाला एका ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जितका भाग रंध्याखालून निघेल, तितका लगेच प्लॅस्टिकने झाका. पृष्ठभाग घट्ट झाला की ओले गोणपाट. आणि सगळ्यात महत्त्वाचे, जेवायला सगळ्यांनी एकदम बसू नका. दोघांना वर ठेवा.

फौजेत आपण जिंकलेल्या ठाण्यावर पहिल्या तासांत सर्वांत कडक पहारा ठेवतो, कारण उलटा हल्ला तेव्हाच येतो. काँक्रीटचेही तसेच आहे. आपल्या परेड ग्राउंडच्या काँक्रीटमध्ये ठराविक अंतरावर सरळ खाचा कापलेल्या तुम्ही रोज पाहता. काँक्रीट आकसणार हे बांधणाऱ्याला ठाऊक होते, म्हणून भेग कुठे पडावी ते त्याने आधीच ठरवून दिले. सळयांच्या स्लॅबला तशा खाचा पाडत नाहीत. तिथे पाणी आणि पहारा, हेच दोन उपाय.

एक काम राहिले होते. टेकू काढले त्या दिवशी मी सगळ्या मजुरांना थांबवून घेतले आणि त्यांच्यासमोर मिस्त्रींची माफी मागितली. आरोप सगळ्यांसमोर केला होता, तर माफी कोपऱ्यात मागून चालले नसते. चार दिवस थांबा, असे त्यांनी सांगितले होते. घाई माझी होती. ते हसले आणि म्हणाले, "दुसरा मजला कब?"

दुसरा मजला दिवाळीनंतर. त्या दिवशी मी जेवायला सर्वांत शेवटी बसणार आहे.